सात गुणांच्या आत

यंदाच्या अंकासाठी कबड्डीवर लिहिते असे सांगताच संपादक मंडळातील एका मैत्रिणीने नाक मुरडले. ‘‘जिमखान्याचा अहवाल सर देणारच आहेत की!’’ ती म्हणाली. तिचेही खरे आहे. वार्षिकांकात खेळ येतो तो शेवटच्या पानांवर, ढाल मध्ये ठेवून दोन ओळींत उभ्या राहिलेल्या संघाच्या छायाचित्रात. आणि त्या छायाचित्रात जिंकलेलाच संघ असतो. हरलेल्या संघाचे छायाचित्र कोण काढतो? जिमखान्याच्या अहवालात जे कधी यायचे नाही त्याविषयी, म्हणजे हरण्याविषयी, आणि हरणाऱ्याचीही नोंद ठेवणाऱ्या एका नियमाविषयी मला लिहायचे आहे. हा नियम प्रो कबड्डीने २०२५ साली काढून टाकला. तो काढायला नको होता असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा खटाटोप.

नियम साधा होता. साखळी सामन्यात जिंकणाऱ्या संघाला पाच गुण मिळत. बरोबरी झाली तर दोघांना तीन-तीन. आणि हरणारा संघ सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरला, तर त्याच्याही खात्यात एक गुण जमा होई. आठ गुणांनी हरलात की काही नाही. २०२५ च्या बाराव्या हंगामापासून हे सारे गेले. आता जिंकेल त्याला दोन, हरेल त्याला शून्य. बरोबरी झालीच तर जादा चढाया खेळवून कुणाला तरी हरवायचेच. हिशेब सोपा झाला यात शंका नाही. गुणतक्ता आता शाळेतले पोरही तोंडपाठ म्हणेल.

एका गुणाचे एवढे काय घेऊन बसलीस, असे पुष्कळांना वाटेल. ज्यांनी हरणाऱ्या संघाची बाजू घेऊन एखादा हंगाम तरी काढला आहे, त्यांना मात्र तसे वाटणार नाही. मी काढला आहे. माझा संघ पुणेरी पलटण.

पलटणचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण आज त्यांना ‘चॅम्पियन’ म्हणून ओळखणाऱ्यांना तो ठाऊक नसतो. २०१४ साली स्पर्धा सुरू झाली तेव्हा आठ संघ होते, पुणे आठवे. २०१५ मध्येही आठवे. त्याच दोन वर्षांत शेजारचा यू मुंबा एकदा उपविजेता आणि एकदा विजेता झाला, म्हणजे घाटाखालच्या मंडळींसमोर मान वर करायचीही सोय राहिली नाही. २०१६ साली दोन हंगाम झाले आणि दोन्हींत आपण तिसरे आलो. पुढे पुन्हा घसरण. २०१९ मध्ये बारा संघांत दहावे. २०२० साली कोरोनामुळे स्पर्धाच झाली नाही. ती पुन्हा सुरू झाली डिसेंबर २०२१ मध्ये, आणि मला बोलायचे आहे ते त्याच आठव्या हंगामाबद्दल.

तो हंगामच चमत्कारिक होता. सगळे सामने बंगळूरच्या व्हाइटफील्ड भागातल्या एका मोठ्या हॉटेलात झाले. प्रेक्षक नाहीत, ढोल-ताशे नाहीत, खेळाडूंनी बाहेर पाऊल टाकायचे नाही. टी.व्ही.वर आरोळ्या ऐकू येत त्या ध्वनिमुद्रित. मी तेव्हा दहावीत होते. आमच्या घरचा टी.व्ही. बंद पडलेला, म्हणून सामना पाहायला चुलत्यांकडे जावे लागे. आप्पा स्वतः तरुणपणी गावच्या संघातून मातीवर खेळलेले. डाव्या कोपऱ्यात उभे राहत. आजही त्यांचा उजवा गुडघा जिना चढताना वाजतो आणि त्याचा त्यांना अभिमान आहे.

पहिला सामना दबंग दिल्लीशी झाला. ४१-३० असे हरलो. दुसऱ्यात तेलुगू टायटन्सला ३४-३३, म्हणजे एका गुणाने हरवले. आणि मग पाटण्याने ३८-२६ असे धुतले. त्यानंतरचेही दोन्ही सामने गेले. पाच सामने, चार पराभव. आणि पराभव तरी कसे? दिल्लीशी अकरा गुणांनी, पाटण्याशी बारा गुणांनी. सातच्या जवळपासही नाही, त्यामुळे सांत्वनाचा तो एक गुणसुद्धा नाही. वर्गातली यू मुंबावाली दोन मुले रोज सकाळी प्रार्थनेच्या रांगेत मागे वळून बोटांनी आकडे दाखवीत.

आप्पांचा आक्षेप वेगळाच होता. ‘‘या पोरांत आपल्या पुण्याचं कोण हाय गं?’’ त्यांनी एकदा विचारले.

‘‘अस्लम इनामदार आहे ना आप्पा. नगरचा.’’

‘‘नगर म्हंजे पुणं न्हवं. बाकीची?’’

बाकीची बरीचशी हरियाणाची. आप्पा हसले. ‘‘लिलावात घेतलेली पोरं ती. उद्या दुसरा धनी बोली लावील तिकडं जातील. आमी हरलो की दुसऱ्या दिशी त्याच गावात, त्याच पाण्यावर तोंड दाखवाय लागायचं. त्याला आपला संघ म्हंत्यात.’’

त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही, आणि मी खोडलेही नाही. खेळाडूंचा लिलाव होतो हे खरेच आहे. यंदा ज्याच्या पकडीवर आपण टाळ्या पिटतो, तोच पुढच्या वर्षी आपल्या कोपऱ्यात शिरून दोन गडी मारून जातो. मग ‘आपला’ संघ म्हणायचे ते कशाला? नुसत्या नावाला? मला वाटते, खेळाडू बदलतात पण हरण्याचा हिशेब ठेवणारे आपणच असतो. २०१४ साली कोण हरले हे आज संघातल्या एकाही मुलाला सांगता येणार नाही कदाचित. मला मात्र पाठ आहे. आप्पांना हे पटले नाही. पण ते सामना पाहायला बसत, आणि खाटेवर पाठ न टेकता बसत, हेही नमूद करते.

आता त्या एका गुणाकडे येते. कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांचा. शेवटचे मिनिट उरले आहे आणि आपण नऊ गुणांनी मागे आहोत असे समजा. सामना गेला, यात कुणालाच शंका नाही. दुसऱ्या कुठल्याही खेळात या क्षणी लोक चपला शोधू लागतात. इथे मात्र आता खरी मौज सुरू होते. तीस सेकंदांची एक चढाई आपली, एक त्यांची. आपल्या चढाईपटूने बोनस रेषा ओलांडून जाता जाता एक गडी टिपला की फरक नऊवरून सातवर येतो. मग त्यांची चढाई. तो पोरगा मध्यरेषेपाशीच घुटमळून वेळ काढणार, त्याला गुण देऊन चालायचे नाही. समोरचा जिंकलेला संघही हे सारे जाणून असतो आणि हरणाऱ्याला तो एक गुण मिळू नये म्हणून जीव तोडून पकड करतो. जिंकलेल्याने जिंकल्यावरही धावायचे आणि हरलेल्याने हरल्यावरही! अशा वेळी आप्पाच आधी ओरडत, ‘‘किती ऱ्हायलं? आठ? अगं एक घ्या की रं, एक!’’ ‘लिलावातली पोरं’ एवढ्यापुरती त्यांचीही झालेली असत.

त्या हंगामात पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. प्रशिक्षक होता अनुप कुमार. २०१६ साली भारताने विश्वचषक जिंकला तेव्हाचा कर्णधार, अत्यंत थंड डोक्याचा माणूस. त्याच्या हाताशी राहुल चौधरी आणि नितीन तोमर अशी दोन मोठी नावे होती. पण त्यांचा जम बसेना. तेव्हा चढाईचा भार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन नवख्या पोरांवर आला. दोघांचाही प्रो कबड्डीतला तो पहिलाच हंगाम. नामवंताला बाकावर बसवून पोरसवद्याला मॅटवर उतरवणे टी.व्ही.समोर बसून सोपे वाटते. पाचांपैकी चार सामने हरलेल्या प्रशिक्षकाला ते किती जड जात असेल याची कल्पना करावी. पोरे पडली असती तर खापर कुणाच्या माथी फुटणार होते हे उघड आहे.

पोरे पडली नाहीत. हळूहळू गाडी रुळावर आली आणि साखळीतल्या शेवटच्या दिवशी जयपूरला हरवून पलटणने सहावा क्रमांक पकडला. पहिले सहाच संघ पुढे जाणार होते. पुण्याचे गुण ६६, सातव्या आलेल्या हरियाणाचे ६४. बावीस सामन्यांनंतर फरक दोन गुणांचा! त्या ६६ मध्ये पलटणने हरूनही खेचून आणलेले गुण होते. ज्या रात्री ते मिळाले त्या रात्री वर्तमानपत्रांनी ‘पुण्याचा पराभव’ एवढेच छापले होते. कुणी म्हणेल, हरियाणालाही असे गुण मिळालेच असतील. मिळालेच होते, आणि म्हणूनच तेही शेवटच्या दिवसापर्यंत आशेवर होते. मला तर वाटते, डिसेंबरात शेवटच्या मिनिटाला धावलेल्या माणसाचे धावणे फेब्रुवारीत उपयोगी पडते, याहून चांगली व्यवस्था एखाद्या स्पर्धेत काय असणार?

बाद फेरीत यू.पी. योद्धाने आम्हाला ४२-३१ असे हरवले. पुन्हा अकराच गुणांनी. (तिथे एका गुणाचा प्रश्नच नसतो, पण सवयीने मी वजाबाकी केलीच.)

त्यानंतरचे सर्वांना माहीत आहे. डिसेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात अस्लम आणि मोहित दोघेही जायबंदी, आणि जयपूरकडून ३३-२९ असा पराभव. मग १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणावर २८-२५ असा विजय आणि पहिले विजेतेपद. कर्णधार तोच अस्लम. त्या रात्री आमच्या गावात ज्यांनी मोबाइलवर पलटणचे फोटो लावले, त्यांतल्या निम्म्यांना मी आधी कधी कबड्डीचे नाव काढताना ऐकले नव्हते. असो. विजयाला पाहुणे फार, तो त्यांचा दोष नाही.

नियम बदलणाऱ्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. सहा गुणांनी मागे पडलेला संघ कधी कधी त्या एका गुणावरच समाधान मानी. शेवटच्या दोन चढायांत धोका न पत्करता रिकाम्या हाताने परत येई. प्रेक्षकाला ते कंटाळवाणे वाटे, आणि जिंकायचा प्रयत्नच सोडून देण्याला बक्षीस कशाला, असा प्रश्न रास्तही आहे. पण मी पाहिलेल्या सामन्यांवरून सांगते, गुण ‘राखणारे’ जितके दिसले त्याहून गुण ‘मिळवू’ पाहणारे पुष्कळ अधिक होते. एक गुण राखण्यासाठी वेळ काढणारा संघ डोळ्यांत भरतो, कारण तो आपल्याला चिडवतो. आणि नव्या पद्धतीत काय होते? दहा गुणांनी मागे पडलेल्या संघाने शेवटची पाच मिनिटे कशासाठी खेळावीत? गुणफरकासाठी, असे उत्तर मिळेल. गुणफरक कामी येतो तो दोन संघांचे गुण समान झाले तर. त्या ‘तर’साठी कुणी गुडघे फोडून घेत नाही.

शिवाय ही कल्पना केवळ आपल्याकडचीच होती असेही नाही. रग्बीच्या विश्वचषकात २००३ पासून सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्या साखळीतील संघाला एक गुण मिळतो. तिथेही नेमका सातचाच आकडा! रग्बी हा काही मऊ मनाच्या माणसांचा खेळ समजला जात नाही.

आणि कबड्डीच्या तर हे रक्तातच आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला हा खेळ हुतूतू म्हणून ठाऊक होता आणि त्याचे तीन प्रकार सांगितले जातात. अमर प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नाही, नुसता गुण मोजायचा. गामिनीत बाद झालेला बाहेर बसतो तो अख्खा संघ बाद होईपर्यंत. आणि संजीवनीत आपल्या संघाने एक गडी मारला की आपला एक मेलेला गडी उठून मैदानात येतो. आज जगभर जी कबड्डी खेळली जाते ती संजीवनीच्या वळणाची. मेलेल्याला परत उठवण्याची सोय ज्या खेळाने मुळातच करून ठेवली, त्याचे नाव ठेवणाऱ्याला संस्कृत येत असणार! पुढे अव्वल पकडीचा नियम आला. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना त्यांनी चढाईपटूला धरले, तर एकाऐवजी दोन गुण. म्हणजे जितके कमी तितके मोल अधिक. ज्या खेळाचे नियम पदोपदी दुबळ्या बाजूला हात देतात, त्याच खेळाच्या गुणतक्त्यात हरणाऱ्यासाठी शून्याखेरीज काही असू नये, हे मला विसंगत वाटते.

मी ज्यामुळे हा विषय एवढ्या हिरिरीने धरला आहे ती गोष्ट मैदानावरची नाही. माझा थोरला भाऊ बारावीला इंग्रजीत राहिला. पस्तीसच्या जागी एकोणतीस. बाकी सर्व विषयांत तो चांगल्या गुणांनी पास होता. पुरवणी परीक्षेचा अर्ज भरायला आई त्याच्या मागे लागली, मी लागले. तो म्हणाला, ‘‘नापास म्हणजे नापास. सहा मार्कांनी काय आणि साठ मार्कांनी काय!’’ अर्ज भरायचा राहिला तो राहिलाच. आज तो दुसऱ्याच्या टेम्पोवर आहे. कष्टाळू आहे, आमचा संसार त्याच्यावर आणि आईवर चालतो, आणि माझी कॉलेजची फी पहिल्या वर्षी त्यानेच भरली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ती पायरी माझ्याआधी तो चढला असता असे मला अजून वाटते. सहा आणि साठ यांत फरक आहे हे त्याला तेव्हा कुणी आकड्यात दाखवले असते, तर? आपल्या विद्यापीठात ए.टी.के.टी. आहे, तिच्यावर आपण सारे विनोद करतो. कॅन्टीनमधला निम्मा हशा तिच्याच जिवावर चालतो. पण ‘एवढे राहिले आहे, तेवढे काढ आणि वर्ग चालू ठेव’ असे सांगणारी तेवढी एकच व्यवस्था मला आजवरच्या शिक्षणात भेटली आहे. गुरुजनांपैकी काहींना तिच्यामुळे मुले आळशी होतात असे वाटते, हे मी तासाला ऐकले आहे. होत असतील. शेवटच्या दोन चढायांत वेळ काढणारे इथेही आहेत. त्यांच्यासाठी बाकीच्यांची वाट बंद करायची का, एवढाच प्रश्न आहे.

हे मत मी माझ्या संघाच्या फायद्यासाठी मांडत आहे असे मात्र कुणी म्हणू नये. नव्या पद्धतीच्या पहिल्याच हंगामात, २०२५ मध्ये, साखळीत पुणे आणि दिल्ली यांचेच गुण सर्वांत जास्त, प्रत्येकी २६ होते. पलटण थेट अंतिम फेरीपर्यंत गेली आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीकडून ३१-२८ अशी हरली. तीन गुणांनी! आमचे नव्या नियमाने काहीच बिघडवले नाही. बिघडले असेल ते तळाच्या संघांचे. त्यांच्या गावीही कुठेतरी एखादी दहावीतली मुलगी चुलत्यांच्या खाटेपाशी बसून सामने पाहत असेल. ती आता शेवटच्या मिनिटाला काय मोजत असेल?

प्रो कबड्डीचे नियम बदलणे माझ्या हाती नाही. पण आपल्या कॉलेजची आंतरवर्गीय कबड्डी बाद पद्धतीने होते. एक सामना हरला की वर्ग घरी. ती पुढच्या वर्षापासून साखळी पद्धतीने घ्यावी आणि सात गुणांच्या आत हरणाऱ्या वर्गाला एक गुण द्यावा, असा अर्ज मी जिमखाना समितीकडे दिला आहे. मुलींचे चारच संघ असतात, तेव्हा सहा सामन्यांत साखळी पुरी होईल. दोन दुपारी पुरेत. अर्जावर आमच्या वर्गाच्या संघातील सर्वजणींच्या सह्या आहेत. यंदा आमचा संघ पहिल्याच फेरीत पाच गुणांनी हरून बाद झाला, हे कुणी समितीच्या लक्षात आणून देण्याआधी मीच इथे छापून टाकते.